संशय घ्यायला काय जाते?

संपादक महोदय,

न सुटलेल्या खुनांचा छडा हौशी शोधक पोलिसांआधी लावतात, हे आपल्या लेखकाचे मत वस्तुस्थितीला धरून नाही.

मे २०२५ मध्ये मेघालयात फिरायला गेलेल्या इंदूरच्या नवविवाहित जोडप्यातील पतीच्या खुनाचे उदाहरण त्यांनी दिले आहे. तेथे तर उलटेच घडले. मोबाइलवरच्या हेरांनी आधी स्थानिकांवर बोट ठेवले. ९ जूनला अटक झाली ती पत्नीला, तीही मेघालय पोलिसांच्या तपासातून. दोष ठरवणे मात्र न्यायालयाचेच काम.

‘संशय घ्यायला काय जाते?’ असे ते विचारतात. जीव जातो! १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते.

आमच्या वाटूर फाट्यावर परगावच्या गाड्या रोजच थांबतात. प्रत्येकीचा फोटो गावभर फिरवायचा का? खरी माहिती असेल त्याने ठाण्यात जाऊन सहीनिशी जबाब द्यावा. निनावी मेसेजची उलटतपासणी होत नाही.

कळावे.

एक वाचक,
वाटूर, जि. जालना