आवाज फाटतो तेव्हा



आमच्या तिवसा तालुक्यात मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आहे. त्यामुळे खंजिरीवरची भजने इथल्या कानांना नवी नाहीत. एखाद्या गावी भजन रंगले, की कोणीतरी उत्साहाने ॲम्प्लिफायरचे बटण शेवटपर्यंत फिरवतो. आवाज वाढतो, पण फाटतो आणि शब्द कळेनासे होतात. आपण वैतागतो. मात्र रॉक संगीतातल्या गिटारचा फाटलेला आवाज आपल्यापैकीच अनेकांना आवडतो. १९६४ साली किंक्स या इंग्लिश वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिसने तर तसा आवाज मिळावा म्हणून लाउडस्पीकरचा कागदी कोन पात्याने चिरला होता! मग फाटणे हा दोष की गुण?

उत्तर आवडीनिवडीत नाही, गणितात आहे. ॲम्प्लिफायरची क्षमता संपली, की तरंगाचे माथे सपाट छाटले जातात. ११० हर्ट्झचा शुद्ध स्वर दोन्ही बाजूंनी सारखा छाटला, तर त्यात ३३०, ५५०, ७७० हर्ट्झचे नवे स्वर मिसळतात. ११० आणि १६५ हर्ट्झचे दोन स्वर एकत्र छाटले, तर ५५ आणि २२० हर्ट्झचेही स्वर उमटतात. हे सारे ५५ च्याच पटीत आहेत, म्हणून ते एकमेकांशी जुळतात आणि गिटार भरदार वाटते. भजनात मात्र गाणाऱ्याचा आवाज, पेटी, टाळ व खंजिरी एकाच वेळी छाटली जातात. त्यांतून निघणाऱ्या नव्या स्वरांचा एकमेकांशी मेळ नसतो. त्या गोंगाटात शब्द बुडतात.

आज हे छाटणे संगणकीय गणिताने करणारी ‘ॲम्प मॉडेलर’ नावाची उपकरणे मिळतात. ती वापरणारी मुलेही ‘गेन’चे बटण शेवटपर्यंत नेतात आणि हेडफोनवर माशी गुणगुणल्यासारखा आवाज आला, की उपकरणाला नावे ठेवतात. खरे तर गिटारच्या ॲम्प्लिफायरमधला बारा इंची लाउडस्पीकर सुमारे ५००० हर्ट्झच्या वरचे स्वर फारसे बाहेर सोडत नाही, हेडफोन सोडतो. म्हणून लाउडस्पीकर व त्याच्या पेटीची नक्कल करणारा भाग चालू ठेवावा, छाटण्यापूर्वीच खर्ज थोडा कमी करावा आणि गेन गरजेपुरताच द्यावा. उपकरणालाही मर्यादा असतेच. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले, तर २४,००० हर्ट्झच्या पुढचा स्वर मांडता येत नाही. ३०,००० हर्ट्झचा स्वर १८,००० हर्ट्झचा बनून परततो व कानाला खटकतो. हे टाळण्यासाठी चांगली मॉडेलर आतल्या आत नमुन्यांची संख्या वाढवून घेतात.

माझे मत स्पष्ट आहे. अस्सल आवाज अधिक घालण्याने मिळत नाही. काय वगळायचे, हे कळण्याने मिळतो. शिक्षकांनी तरंगाचा धडा शिकवताना छाटलेला तरंगही फळ्यावर काढावा. माथ्याची उंची तीच ठेवून तरंग पुरता चौकोनी केला, तर त्याची शक्ती मूळ सायन तरंगाच्या दुप्पट होते, हेही सांगावे. हेडफोन लावणाऱ्या कानांना ते माहीत असलेच पाहिजे.

आणि मित्रांनो, पुढच्या वेळी गावच्या भजनात आवाज फाटला, तर यंत्राला दोष देऊ नका. उठा, आणि बटण थोडे मागे फिरवा. शब्द परत येतील.