कॉन्सर्टला जरूर जा, पण कान घरी सुखरूप आणा



मार्च 2025 मध्ये, 8 आणि 9 तारखेला, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा हा संगीत महोत्सव झाला. ग्रीन डे हा अमेरिकन पंक रॉक बँड त्यात भारतात पहिल्यांदाच वाजवून गेला. आपल्या लोणावळा-तळेगाव भागातूनही मंडळी गेली होती. तेव्हापासून दवाखान्यात दोन प्रकारची माणसं मला या विषयावर विचारतात. पहिले म्हणजे आईवडील. "डॉक्टर, पोरगा असल्या कार्यक्रमांना जातो, काही बिघडणार तर नाही ना?" दुसरे स्वतः जाऊन आलेले, कानात शिट्टी वाजते म्हणून आलेले.

पंक हा शब्दच पालकांना घाबरवतो. 1970 च्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये सुरू झालेलं हे संगीत. तीन-चार सूर, दोन-तीन मिनिटांची गाणी, प्रचंड वेग आणि व्यवस्थेवरचा राग. केस रंगवलेली मुलं स्टेजसमोर एकमेकांना धडका देत नाचतात, ते लांबून मारामारीसारखं दिसतं. पण त्या गर्दीत कोणी खाली पडला तर आजूबाजूचे लगेच हात देऊन उठवतात, हा त्यांच्यातला जुना रिवाज आहे. माझं मत विचाराल तर मुलाला अडवू नका. आवडीच्या गाण्यावर हजारो अनोळखी लोकांबरोबर ओरडून गाणं हे मनाला चांगलंच असतं. रात्रभर मोबाईल चोळत पडण्यापेक्षा तर नक्कीच.

आणि जाणारे सगळे पोरंच असतात असंही नाही. ग्रीन डेचा गाजलेला अल्बम 'डूकी' 1994 चा. तेव्हा पंधरा वर्षांचा असलेला चाहता आज पंचेचाळिशी ओलांडून गेलाय. त्याला बीपीची गोळी सुरू आहे, कदाचित साखरही आहे, आणि तो तळेगाव किंवा चाकणच्या एमआयडीसीत पाळ्या करतो. मला जास्त काळजी त्याची वाटते. का ते सांगतो.

आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात प्रत्येक कानात साधारण 15 हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. गवतावरून चालल्यावर गवत झोपतं आणि थोड्या वेळाने उठतं, तसं या पेशींचं होतं. पण त्याच वाटेवरून रोज ट्रॅक्टर नेला तर तिथं गवत उगवत नाही. माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा तयार होत नाही. त्वचा भरून येते, हाड जुळतं, ही पेशी मात्र गेली की गेली.

आता हिशोब बघा. कामाच्या जागेच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या निऑश या अमेरिकन संस्थेच्या मते 85 डेसिबलचा आवाज आठ तास, ही कानाची दिवसाची मर्यादा. डेसिबल तीनने वाढला की वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 91 ला दोन तास. असं करत 100 डेसिबलला पोहोचलात की उरतात फक्त पंधरा मिनिटं. मोठ्या रॉक कॉन्सर्टमध्ये स्टेजजवळ 100 डेसिबल ही नेहमीची गोष्ट आहे. तिथे तीन तास उभं राहणं म्हणजे बारा दिवसांचा कोटा एका संध्याकाळी संपवणं. जो माणूस आठवडाभर प्रेस शॉपमध्ये उभा असतो, त्याचा रोजचा कोटा तर कारखान्यातच भरलेला असतो. कानाला कारखाना वेगळा आणि करमणूक वेगळी असं काही कळत नाही. दोन्हींची बेरीज होते.

कार्यक्रमानंतर कान दडे बसल्यासारखे होतात, शिट्टी किंवा कुंईऽऽ असा आवाज येतो. बहुतेकांचं हे एक-दोन दिवसांत जातं आणि माणूस म्हणतो, झालं बरं. इथे थोडं थांबा. 2009 मध्ये अमेरिकेत उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की ऐकण्याची चाचणी पूर्ववत झाल्यानंतरही केसपेशी आणि नस यांच्यामधले बरेचसे जोड कायमचे तुटलेले होते. माणसात हे किती प्रमाणात होतं यावर अजून वाद आहे. पण "शांत खोलीत सगळं ऐकू येतं, लग्नाच्या गोंगाटात मात्र समोरचा काय बोलतो कळत नाही" असं सांगणारे चाळिशीचे रुग्ण भेटतात, तेव्हा मी त्यांना तरुणपणीच्या आवाजाबद्दल आवर्जून विचारतो.

उपाय अगदी स्वस्त आहे. कारखान्यात सेफ्टीवाले देतात ते मऊ फोमचे इअरप्लग, जे तुमच्यापैकी अनेकांच्या लॉकरमध्ये न उघडलेल्या पुडीत पडून आहेत, तेच खिशात टाकून न्या. 2015 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका खुल्या मैदानातल्या महोत्सवात याचीच चाचणी झाली. 51 जणांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून इअरप्लग दिले, बाकीच्यांना दिले नाहीत. साडेचार तास, सरासरी 100 डेसिबल. नंतर तपासल्यावर इअरप्लगशिवाय गेलेल्यांच्या 42 टक्के कानांचं ऐकणं तात्पुरतं कमी झालेलं होतं, इअरप्लग घातलेल्यांमध्ये 8 टक्के. शिट्टी वाजण्याचं प्रमाण 40 विरुद्ध 12 टक्के.

घालायची पद्धत मात्र चुकते. प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून आणून कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून अर्धा मिनिट धरून ठेवायचा. नीट बसला तर स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो. कापसाचे बोळे जवळपास निरुपयोगी. फोमने गाणं थोडं गढूळ ऐकू येतं हे खरं आहे. ज्यांना ते खटकतं त्यांनी वादकांसाठीचे खास इअरप्लग घ्यावेत, ते सगळे सूर सारखेच कमी करतात. लहान मुलाला खांद्यावर बसवून नेणार असाल तर त्याला कान झाकणारे इअरमफ घाला, नाहीतर नेऊ नका.

आता थोडं कायद्याबद्दल, कारण माझा खरा राग तिथे आहे. आपले ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. लाउडस्पीकर असेल त्या जागेच्या हद्दीवर आवाज किती असावा, रात्री दहानंतर काय, हे त्यात आहे. म्हणजे शेजाऱ्याची झोप सांभाळली आहे, आणि ती सांभाळायलाच हवी. पण तिकीट काढून आत उभ्या असलेल्या माणसाच्या कानापाशी किती डेसिबल असावेत, याबद्दल त्यात मर्यादा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये यासाठी मानक काढलं: पंधरा मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये, प्रेक्षकांना इअरप्लग मिळावेत, विसाव्यासाठी शांत जागा असावी. फ्रान्समध्ये तर 2017 च्या आदेशानुसार आयोजकाला इअरप्लग फुकट द्यावे लागतात. हजारो रुपयांच्या तिकिटात दहा रुपयांची पुडी बसत नाही, हे मला पटत नाही.

आणि हे फक्त इंग्रजी गाण्यांपुरतं नाही. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे नाचणारा पोरगा, ढोल-ताशा पथकात महिनाभर सराव करून मग दिवसभर वाजवणारी मुलगी, यांचे कान त्याच मातीचे आहेत. प्रेक्षक पुढे सरकतो, वादक मात्र आवाजाच्या मधोमध उभा असतो. पथकप्रमुखांना माझी विनंती आहे: गणवेशाच्या यादीत इअरप्लग घाला.

परतीचा प्रवास हा दुसरा धोका, आणि आपल्याकडे तो मोठा. महालक्ष्मीहून लोणावळा साधारण 80-85 किलोमीटर, शेवटी बोरघाट. सकाळी सहाला उठलेला माणूस मध्यरात्री एक्स्प्रेस वेवर असतो, म्हणजे सलग अठरा तास जागा. 17 ते 19 तास जागं राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतकी मंदावते असं अभ्यासात दिसलं आहे. आपल्या कायद्यातली मर्यादा 0.03 आहे. म्हणजे थेंबही न घेता तुम्ही त्या मर्यादेपलीकडचे चालक असता. चौघे जात असाल तर एकाने दुपारी झोप काढून यावं आणि त्यानेच गाडी चालवावी. डुलकी येऊ लागली तर खिडकी उघडून किंवा गाणी लावून ती जात नाही. फूड मॉलवर गाडी लावा, चहा-कॉफी घ्या आणि वीस मिनिटं झोपा. बीपी-शुगरवाल्यांनी रात्रीची गोळी आणि जेवण चुकवू नये, पाणी घोट घोट पीत राहावं.

कार्यक्रमानंतर पुढचे एक-दोन दिवस कानाला विश्रांती द्या, हेडफोन बंद. शिट्टी दोन दिवसांनीही थांबली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्या. आणि एका कानाने अचानक ऐकू येणं कमी झालं, तर ती तातडीची गोष्ट समजा. अशा वेळी स्टिरॉइडचा उपचार लवकर सुरू केला तर फायदा होण्याची शक्यता जास्त असते, दोन आठवडे उलटल्यावर ती झपाट्याने कमी होते. तोपर्यंत लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात टाकत बसू नका. त्या तेलाला पडद्यापलीकडे जायला वाटच नसते, आणि मला कान तपासताना काही दिसत नाही.