प्लास्टिकच्या पुनर्वापरात कचरावेचकांचा वाटा किती?

राज्य सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ रोजी काढली आणि तीन महिन्यांनी दंडाची कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये आणि तीन महिन्यांचा कारावास, अशी ही चढती भाजणी आहे. पुढे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आली. तरीही मंडईत फेरफटका मारला, तर मिरच्या-कोथिंबीर कशात बांधून मिळते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. बंदी घालून प्लास्टिक थांबलेले नाही. मग घरोघरी साचणाऱ्या ढिगाचे करायचे काय, हा प्रश्न उरतोच.

त्याचे एक उत्तर पुण्यात गेली काही वर्षे हातमागावर विणले जात आहे. ‘रीचरखा’ आणि ‘इकोकारी’ हे उपक्रम टाकाऊ पिशव्या व वेष्टने गोळा करून त्यांपासून कापड तयार करतात. पिशव्या आधी धुऊन वाळवायच्या, मग कात्रीने त्यांच्या लांबच लांब पट्ट्या कापायच्या, त्या चरख्यावर गुंडाळायच्या आणि मागावर सुताच्या ताण्यात बाणा म्हणून भरायच्या. रंगवण्याची गरज नाही. बिस्किटाच्या पुड्याचा लाल किंवा वेफर्सच्या पुड्याची चंदेरी झाक तशीच कापडात उतरते. यातून खांद्यावरच्या पिशव्या, पाकिटे, चटया बनतात आणि ग्रामीण भागातील व गरीब वस्त्यांतील स्त्रियांना रोजगार मिळतो. नेदरलँड्समध्ये डेव्ह हाकेन्स या तरुण अभिकल्पकाने २०१३ मध्ये प्लास्टिक दळण्याच्या व वितळवून साच्यात घालण्याच्या छोट्या यंत्रांचे आराखडे जगाला फुकट खुले केले, त्यामागेही हाच विचार होता. कचरा जिथे निर्माण होतो, तिथल्याच लोकांनी त्याचे सोने करावे.

कल्पना लोभस आहे, पण तिच्या मर्यादाही आहेत. एक पिशवी विणायला जितके हात आणि तास लागतात, त्या मानाने त्यात मुरणारे प्लास्टिक फारच थोडे असते. श्रमाचा मोबदला धरला की किंमत चढते आणि गिऱ्हाईक हौशी, सुखवस्तू वर्गापुरते मर्यादित राहते. शहराच्या कचऱ्याचा डोंगर अशाने हलणार नाही. तो काही अंशी हलतो तो वेगळ्याच माणसांमुळे.

डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. तिच्यातूनच कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी घरोघरचा कचरा उचलण्याचा करार केला. आज तीन हजारांहून अधिक सभासद हे काम करतात. यात बहुसंख्य स्त्रिया आहेत. घरटी मिळणारे मासिक शुल्क आणि वेचलेल्या भंगाराची विक्री, या दोहोंवर त्यांचा संसार चालतो. मात्र करार संपला की मुदतवाढीसाठी झगडायचे, हेही त्यांच्या पाचवीला पुजलेले आहे.

या स्त्रियांचे प्लास्टिकविषयीचे ज्ञान कोणत्याही तंत्रज्ञाला लाजवील असे असते. पाण्याची बाटली, तेलाचा डबा, मोडकी बादली, दुधाची पिशवी हे सारे प्लास्टिकच. पण प्रत्येकाची जात निराळी आणि भंगाराच्या दुकानातला भावही निराळा. जाती एकत्र वितळल्या, तर माल बिघडतो. म्हणून हाताने केलेली ही निवड हाच पुनर्वापराचा पाया आहे. वेफर्स, गुटखा, शाम्पूच्या पुड्यांना मात्र भावच नाही. त्यात निरनिराळ्या प्लास्टिकचे आणि अनेकदा धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही, वजनही नगण्य. किलोवर कमाई असणारीने ते का उचलावे? (गटारे तुंबण्यात या मालाचाही वाटा असतो.)

ज्याला भाव आहे, त्याचेही स्थैर्य नाही. खनिज तेल स्वस्त झाले की नवे प्लास्टिक स्वस्त होते आणि जुन्यापासून केलेल्या दाण्याला उठाव राहत नाही. २०२० मध्ये तेलाचे भाव गडगडले, तेव्हा जगभरच्या पुनर्वापर उद्योगाला याची झळ बसली. ती दुकानदाराकडून झिरपत शेवटी वेचणारीच्या पदरात येते.

केंद्राने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. वेष्टन बाजारात आणणाऱ्या कंपनीने तितके प्लास्टिक परत मार्गी लावावे, असा त्यांचा गाभा आहे. हे योग्यच आहे. बिनभावाच्या पुड्यांना कंपन्यांच्या पैशातून दर मिळाला, तर वेचणारी ते उचलील. पुण्यात असा प्रयोग झालेलाही आहे. परंतु या व्यवस्थेत प्रमाणपत्र निघते ते नोंदणीकृत प्रक्रिया उद्योगाच्या नावे आणि ते विकत घेते कंपनी. सौदा या दोघांत पूर्ण होतो. सकाळी सातला सोसायटीच्या फाटकाशी बसून ओल्या कचऱ्यातून पुडी वेगळी काढणारीला त्यातला किती पैसा मिळावा, हे ठरवलेले नाही. ती पुडी ओल्या कचऱ्यात कोणी टाकली, याचे उत्तर तर वरच्या मजल्यांवरच आहे.