मार्करची परीक्षा प्लॉटवर

बाजरीच्या पैदासकारांना एचएचबी ६७ ची ओळख करून द्यावी लागत नाही. १९९० मध्ये आलेला हा संकर पासष्ट दिवसांच्या आतबाहेर कापणीला येई, म्हणून पाऊस लवकर पाठ फिरवणाऱ्या हरियाणा-राजस्थानच्या रेताड पट्ट्यात तो चांगलाच रुजला. पुढे त्यावर गोसावी रोग दिसू लागला. कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचे झुबके येऊ लागले की काय होते, हे १९७१ मध्ये एचबी ३ ने दाखवलेच होते.

हिसारचे कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी संकर न टाकता त्याचे आईबाप दुरुस्त केले. नर वाण एच ७७/८३३-२ मध्ये आयसीएमपी ४५१ ची रोगप्रतिकारशक्ती आणली ती डीएनए मार्करच्या आधाराने. मादी ८४३ए साठी मात्र दाता होता आयसीएमएल २२, आणि रीत नेहमीच्या बॅकक्रॉसची. २००५ मध्ये ‘एचएचबी ६७ इम्प्रूव्हड’ आला. मार्करचे यश म्हणून त्याचा दाखला सगळीकडे दिला जातो, आणि तो रास्तच आहे. पण मादीकडचे काम जुन्या रीतीने झाले, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

नराकडचे मार्करही आकाशातून पडले नव्हते. कोवळ्या रोपांवर बुरशीच्या बीजाणूंचा फवारा मारून, रोगट रोपे एकेक मोजून, ते आकडे नकाशाशी जुळवल्यावर ते हाती आले. तेही बुरशीच्या कुळानुसार बदलतात. जालन्याची बुरशी आणि जोधपूरची बुरशी सारखी नाही. एकीला अडवणारा गुणसूत्राचा तुकडा दुसरीपुढे निष्प्रभ ठरू शकतो. तेव्हा ‘गोसावी-प्रतिकारक मार्कर’ एवढेच म्हणणे अपुरे आहे. कुठल्या गोसावीला, तेही सांगायला हवे.

अंतराचा हिशेब तर साधा आहे, तरी चुकतो. मार्कर जनुकापासून ५ सेंटीमॉर्गनवर असेल, तर दर पिढीत दोघांची फारकत होण्याची शक्यता सुमारे ५ टक्के. सहा बॅकक्रॉसमध्ये ती साचत २६ टक्क्यांवर जाते. म्हणजे जेलवर पट्टी नेमकी हवी तिथे, आणि चारातल्या एका झाडात जनुकच नाही! दोन्ही बाजूंना तेवढ्याच अंतरावर एकेक मार्कर ठेवला, तर हीच जोखीम दीड-दोन टक्क्यांवर येते. खर्च दुप्पट होतो, हे खरे. पण सहा हंगामांनंतर रिकामे झाड हाती येण्याचा खर्च कोणी मांडतच नाही.

मार्कर जनुकाच्या आतच बसला, तर ही कटकट उरत नाही. मक्यातला ओपेक-२ जनुक अप्रभावी, म्हणून जुन्या रीतीने दर बॅकक्रॉसनंतर स्वपरागण करून तो पुन्हा शोधावा लागे. अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय संस्थेने जनुकाच्या आतलेच एसएसआर मार्कर वापरून ते हंगाम वाचवले आणि विवेक क्यूपीएम ९ हा संकर २००८ मध्ये दिला. पण नुसत्या ओपेक-२ ने दाणा मऊ, खडूसारखा राहतो. तो कडक करणारे साहाय्यक जनुक अनेक आणि विखुरलेले. त्यासाठी शेवटी प्रकाशपेटीच आणावी लागली: काचेखाली दिवा, वर मक्याचे दाणे, आणि कोणाचा किती भाग अपारदर्शक हे पाहणारा माणूस.

रब्बी ज्वारीत हे कोडे अजून सुटलेले नाही. दाणे भरताना पाणी तुटले तरी पाने हिरवी ठेवणारे ‘स्टे-ग्रीन’चे तुकडे बी ३५ या वाणातून एस ३५ आणि आर १६ मध्ये घातले, तर परिणाम दोघांत वेगवेगळे निघाले. मालदांडीच्या मुलखातल्या पैदासकारांनी दुसऱ्याच्या वाणात तपासलेला मार्कर आपल्यात चालेल असे गृहीत धरू नये, याला यापेक्षा मोठे कारण नको.

म्हणून या मासिकाकडे येणाऱ्या मार्करविषयक निबंधांकडून पुढील अंकापासून काही गोष्टी मागितल्या जातील. मार्कर कोणत्या जनकांच्या जोडीत फरक दाखवतो, जनुकापासून किती दूर आहे, आणि मूळ संकराबाहेरच्या किमान एका वाणात तो तपासला आहे का. प्रायमरचा पूर्ण क्रमही हवा. ‘मागितल्यास देऊ’ हे चालणार नाही. जिथे मार्कर अपेक्षेप्रमाणे चालला नाही, ते निबंधही स्वीकारले जातील, फक्त त्यांना प्लॉटवरच्या नोंदी जोडलेल्या असाव्यात.