येतं त्याला, लिहिता येत नाही

ज्या घरात गृहपाठावरून रोज रडारड होते, त्या घरातल्या मोठ्यांना पहिली विनंती ही, की मुलाला ‘आळशी’ म्हणणं आजपासून बंद करा. ‘मोबाइल बरा चालवता येतो’, ‘तुझ्या वयात आम्ही पेपर वाचायचो’ हेही बंद करा. गोष्ट रंगवून सांगणारं, क्रिकेटचे स्कोअर तोंडपाठ असणारं, दुकानातून सुट्टे पैसे बरोबर आणणारं मूल चार ओळींच्या उत्तराला तास घालवत असेल, तर तो नाठाळपणा नसतो. अशी मुलं वहीपासून पळतात हे खरं. पण जे जमतच नाही त्यापासून कोण पळत नाही?

हे शहरी फॅड नाही आणि नवंही नाही. 1896 साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत लिहिली. खेळात चपळ, बोलण्यात तरतरीत, 749 गुणिले 867 हा गुणाकार झटपट आणि अचूक करणारा हा मुलगा. पण त्याला वाचता येत नव्हतं आणि स्वतःचं नाव लिहितानाही त्याची अक्षरं उलटसुलट व्हायची. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं. आज याला आपण डिस्लेक्सिया म्हणतो. लिहिण्यात अडचण असली तर डिसग्राफिया, आकड्यांत असली तर डिसकॅल्क्युलिया. तिन्ही मिळून अध्ययन अक्षमता. बुद्धी कमी असण्याशी तिचा संबंध नाही.

मास्तरांचं म्हणणं नीट ऐकलं तर घरी काय करायचं ते कळतं. धडा समजणं ही एक गोष्ट, तो वाचता येणं दुसरी आणि समजलेलं लिहिता येणं तिसरी. गृहपाठात या तिन्हींची मोट बांधलेली असते. ती सोडवणं एवढंच तुमचं काम.

चौथीचा शिवाजी महाराजांवरचा धडा घ्या. तो तुम्ही मोठ्याने वाचा, मुलाला ऐकू द्या. अफजलखानाची भेट अशा मुलांना एकदा ऐकून पाठ होते. मग प्रश्न विचारा, तोंडी उत्तर घ्या. उत्तर बरोबर आलं की इतिहासाचा अभ्यास झाला. उरलं ते लिहिणं. पहिली ओळ मुलाने लिहावी, पुढच्या तो सांगेल तशा तुम्ही लिहा, आणि खाली स्वच्छ नोंद करा : ‘उत्तर मुलाने सांगितलं, आईने लिहिलं.’ ही नोंद महत्त्वाची. मुलाच्या अक्षराची नक्कल करून रात्री अकरा वाजता वही पूर्ण करणारे पालक कमी नाहीत. त्यांचा हेतू चांगला असतो, पण बाईंच्या हातात पूर्ण झालेली वही पडते आणि मूल कुठे अडतं ते त्यांना कधीच कळत नाही.

‘आम्हीच लिहून दिलं तर ते शिकणार कधी?’ हा प्रश्न रास्त आहे. वाचन-लेखनाचा सराव हवाच, पण तो गृहपाठापासून वेगळा ठेवा आणि दहा मिनिटांत आटपा. मराठी जशी बोलतो तशी लिहितो, म्हणून सोपी, असं आपण अभिमानाने सांगतो. ते अर्धंच खरं आहे. ‘कि’ वाचताना वेलांटी आधी दिसते आणि ऐकू येते नंतर. ‘सूर्य’ म्हणताना र आधी येतो आणि लिहिताना य च्या डोक्यावर जाऊन बसतो. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य यांच्यात फरक एवढासा. ज्या मुलाचा मेंदू आवाज आणि अक्षर यांची जोडी चटकन लावत नाही, त्याला हे सगळं एकदम दिलं तर ते गोंधळणारच.

म्हणून एका वेळी एकच जोडी घ्या. आठवडाभर फक्त घ आणि ध. ताटात रवा पसरा, बोटाने मोठं अक्षर काढायला सांगा आणि काढताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणू द्या. डोळा, कान आणि हात एकदम कामाला लागले की अक्षर टिकतं. अमेरिकेत ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी 1930च्या दशकात अशा मुलांसाठी शिकवण्याची जी पद्धत बांधली तिचा गाभा हाच. आपल्याकडची धुळाक्षरंही दुसरं काय होती? मूल रंगात असतानाच थांबवा, म्हणजे उद्या ते आपणहून बसेल. आणि ‘हा शब्द दहा वेळा लिही’ ही शिक्षा मात्र नको. पाहून लिहिण्यातही जे मूल चुकतं, त्याची दहा वेळा लिहून चूकच पक्की होते.

आकड्यांची गोष्ट वेगळी, आणि मराठी मुलांसाठी जरा जास्तच अवघड. ‘सत्तावीस’ ऐकताना सात आधी येतो, लिहायचा मात्र दोन आधी. मूल ऐकल्याप्रमाणे लिहितं आणि 72 होतात. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात आणि लिहायचे 29. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! विनोद झाले, भाषा बुडाल्याची हाकाटी झाली. डॉ. मंगला नारळीकर त्या विषय समितीच्या अध्यक्ष होत्या आणि मुलांचा गोंधळ कमी व्हावा हाच हेतू असल्याचं त्या शांतपणे सांगत राहिल्या. माझं मत विचाराल तर त्यांचं बरोबर होतं. शाळेत काहीही असो, तुमच्या घरी अडणारं मूल असेल तर खुशाल ‘वीस सात’ म्हणा, शेजारी सत्तावीसही म्हणा. दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी टेबलावर मांडा, दोन नोटा आणि सात नाणी उचलायला लावा. गणिताला चौकटींची वही घ्या, एका चौकटीत एकच अंक, म्हणजे हातचा भलत्याच घरात जाणार नाही. पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्या. पाढे पाठ असणं ही सोय आहे, गणित समजणं वेगळं.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या पालकांना एवढंच सांगणं : प्रश्न मराठीत समजावा, उत्तरही आधी मराठीत येऊ द्या. घरात कोणी इंग्रजी बोलत नसताना मुलाने विचारही इंग्रजीतच करावा ही अपेक्षा कोणत्याही मुलाला जड जाते.

आता वेळेचं. केंद्र सरकारच्या 2020च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीला गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला रोज जास्तीत जास्त एक तास असं म्हटलं आहे. तेही सर्वसाधारण मुलांसाठी. तुमचं चौथीतलं मूल रोज तीन तास बसत असेल तर ते मुलाचं अपयश नव्हे, गृहपाठ जास्त होतोय. घड्याळ लावा. अर्धा तास झाला की जिथे असेल तिथे रेघ मारा आणि वहीत बाईंना चार ओळी लिहा : ‘आज अर्धा तास बसला. दहापैकी चार गणितं स्वतः केली, ती बरोबर आहेत. शब्दांची गणितं मी वाचून दाखवली. यापुढे निम्मी गणितं दिली तर चालेल का?’ भाषा विनंतीची असू द्या. पन्नास-साठ मुलं सांभाळणाऱ्या बाईंना तुमच्या घरातला संध्याकाळचा गोंधळ दिसत नाही, तो सांगावा लागतो. बहुतेक शिक्षक ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करावा.

शिकवणी लावून हा प्रश्न सुटत नाही. वीस मुलांच्या क्लासात जे शाळेत झालं तेच पुन्हा होतं, वर खेळायची वेळ जाते. पैसे खर्च करायचेच तर अध्ययन अक्षमतेचं प्रशिक्षण घेतलेल्या विशेष शिक्षकांवर करा. फुकटची मदतही आहे. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मिळतात, मोबाइल मराठी मजकूर वाचून दाखवतो आणि बोललेलं टाइपही करतो. मुलाच्या हातून जो मोबाइल तुम्ही काढून घेता, तोच अर्धा तास अभ्यासाला द्या. आणि मोठ्या बहिणीला ‘तू घे ह्याचा अभ्यास’ म्हणून बसवू नका, दोघांचं नातं बिघडतं.

मुलाची अडचण नेमकी काय ते कळायला आधी डोळे आणि कान तपासून घ्या, ते ठीक असतील तर अध्ययन अक्षमतेची चाचणी. ती साधारण आठव्या वर्षानंतर नीट होते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेसाठी खास विभाग आहे. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, तालुक्याला गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांबद्दल विचारा. चाचणीनंतर मिळणारं अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र म्हणजे कपाळावरचा शिक्का, अशी भीती अनेक आजी-आजोबांना वाटते. त्यांना सांगा, की 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेची नोंद आहे, आणि महाराष्ट्राने तर 1996 पासूनच अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, हे सगळं हक्काचं आहे. मात्र त्यासाठी कागद लागतात, रुग्णालयातल्या तारखांना महिने जातात आणि सवलतीचा अर्ज शाळेमार्फतच बोर्डाकडे जातो. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून काही हाती लागत नाही. मूल तिसरी-चौथीत असेल तर या महिन्यात चौकशी सुरू करा. आठवी-नववीत असेल तर याच आठवड्यात शाळेत जा.