जमातीचा दवाखाना, शहराचा दवाखाना

कराचीचे नाव या पृष्ठावर पाहून आमच्या पुष्कळ वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हे आम्ही जाणून आहोत. तथापि १९३६ साली सिंध वेगळा होईपर्यंत हे शहर मुंबई इलाख्यातच मोडत होते. आणि आज ज्या गोष्टीविषयी आम्ही लिहीत आहोत, तिच्यावर ना कराचीची मक्तेदारी आहे ना मुंबईची. गोष्ट धर्मादायाची आहे. एखाद्या जमातीने आपल्या घामाच्या पैशातून दवाखाना काढला, तर त्याच्या दारात कण्हत आलेल्या रोग्यास 'तू कोणांपैकी?' असे विचारावे की न विचारावे? आमच्या गावोगावच्या धर्मशाळांचे, वसतिगृहांचे आणि पतनिधींचे विश्वस्त या प्रश्नास पिढ्यान् पिढ्या एकच उत्तर देत आले आहेत. कराचीच्या मीठादर मोहल्ल्यात १९५१ साली एका मेमन तरुणाने दुसरे उत्तर दिले. त्या उत्तराचे पुढे काय झाले, हे पाहण्याजोगे आहे.

अब्दुल सत्तार एधी हा मूळचा काठेवाडचा मनुष्य. जुनागडलगतच्या बांटवा गावी १९२८ साली त्यांचा जन्म झाला. घर मेमन व्यापाऱ्याचे. मेमन म्हणजे कोण, हे आमच्या बडोद्याच्या वा मुंबईच्या वाचकांस सांगावयास नको: कापडाच्या पेठेत ज्यांचा शब्द हुंडीसारखा चालतो, ती ही जमात. शाळेत जाताना आई हातावर दोन पैसे ठेवी आणि बजावी की एक तुझा, दुसरा तुझ्याहून गरजवंताचा, असे एधी सांगत. पुढे ही आई अर्धांगवायूने अंथरुणास खिळली, तिचे मनही ठिकाणावर राहिले नाही, आणि तिचे सारे सारवासारवीचे काम या मुलाने कित्येक वर्षे केले. १९४७च्या फाळणीत हे कुटुंब कराचीस गेले. तेथे आई वारली.

कराचीत आलेल्या बांटव्याच्या मेमनांनी आपल्या लोकांसाठी दवाखाना काढला होता. एधी तेथे सेवेस लागले आणि थोड्याच दिवसांत पंचांशी त्यांचे वाजले. हा दवाखाना केवळ मेमनांसाठी का, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो त्यांनी चार भिंतींच्या आत न विचारता उघड विचारला. परिणाम व्हावयाचा तोच झाला. पंचांनी त्यांस बाहेरची वाट दाखविली.

येथे पंचांस शिव्या देऊन मोकळे होणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही. त्यांची बाजू समजून घेण्याजोगी होती. गाव सुटले, पेढ्या बुडाल्या, परक्या शहरात येऊन पडलेली माणसे. अशा वेळी ज्याने त्याने आपल्या माणसांचा हात घट्ट धरावा, यात पाप ते कोणते? निर्वासितांच्या जमाती अशाच तगल्या. देणारा आपल्या भाऊबंदांच्या नावाने देतो तेव्हा खिशात हात खोलवर घालतो. 'सर्व मानवजातीसाठी' म्हटले की त्याचे पाकीट सापडेनासे होते. जमात हा धर्मादायाचा आड आहे, आणि त्यात पाणी असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न पाण्याचा नव्हे, दोर कोणाच्या हाती द्यावयाचा याचा होता.

एधींनी मीठादरमध्येच एक लहानशी खोली घेतली, एका डॉक्टरास हाताशी धरले, औषधोपचाराची तोंडओळख करून घेतली, आणि रात्री-अपरात्री कोणी आले तर परत जाऊ नये म्हणून बाहेरच्या सिमेंटच्या बाकावर झोपू लागले. १९५७ साली शहरात इन्फ्लुएंझाची साथ आली. तेव्हा या मनुष्याने शहराच्या कडेला तंबू ठोकले आणि आलेल्या प्रत्येकास औषध दिले. साथ ओसरल्यावर देणग्या आल्या. त्यांत मेमन व्यापाऱ्यांचा पैसाही होता, हे लक्षात घ्यावे: ज्या जमातीने हाकलले तिनेच पुढे पदर पसरला. त्या पैशातून एक जुनाट मोटार घेतली गेली. तीच पहिली रुग्णवाहिका. ती ते स्वतःच हाकीत. पुढे या एका गाडीच्या शेकडो गाड्या झाल्या, आणि जगातील सर्वांत मोठी स्वयंसेवी रुग्णवाहिका-संघटना म्हणून गिनेस बुकाने तिची नोंद घेतली.

रुग्णवाहिका हा शब्द आम्ही लिहिला खरा, पण त्याने कामाची कल्पना पुरती येत नाही. कराची म्हणजे फुगत चाललेले शहर. लाखो कुटुंबे ल्यारीसारख्या दाट वस्त्यांत आणि ओरंगीसारख्या कच्च्या वसाहतींत राहणारी. अशा शहरात मेलेल्यांचीही काळजी कोणी घ्यावी लागते. नाल्यात फुगलेले प्रेत, रेल्वेखाली तुटलेला देह, गोळीबारात पडलेला अनोळखी माणूस यांना हात लावावयास पोलीसही कां कूं करीत. एधींनी ती प्रेते स्वतः उचलली, धुतली, कफनात गुंडाळली. सोहराब गोठ येथे त्यांच्या संस्थेचे शवागार आहे आणि मोवाच गोठ येथे बेवारशांचे कब्रस्तान. तेथील बहुतेक थडग्यांवर नाव नाही, केवळ क्रमांक आहे. कोणी कधी शोध घेत आला तर नोंदीवरून त्यास जागा दाखविता यावी. २०१५च्या जूनमधील उष्णतेच्या लाटेत कराचीत हजाराहून अधिक माणसे दगावली, तेव्हा हेच शवागार ओसंडून वाहिले. कोट्यवधींच्या शहरात प्रेते ठेवावयास जागा एका खाजगी धर्मसंस्थेपाशी शोधावी लागली, यावर अधिक भाष्य आम्ही पुढे करू.

मृतांची सेवा कोणास खुपत नाही. खुपला तो पाळणा. एधी केंद्रांच्या दारांबाहेर पाळणे टांगलेले असतात आणि वर सूचना: मूल मारू नका, येथे ठेवा. कोण ठेवून गेले हे विचारले जात नाही. यावरून मुल्लामौलवींनी काहूर केले; हा मनुष्य व्यभिचारास उत्तेजन देतो, हा नास्तिक आहे, याला जकात देणे हराम आहे, असे सारे म्हणून झाले. ज्यांनी ही टीका केली त्यांना कचऱ्याच्या ढिगावर दगडाने ठेचलेली अर्भके उचलावी लागली नव्हती. एधींना लागली होती. सुमारे वीस हजार मुलांच्या कागदपत्रांवर पालक म्हणून त्यांचे नाव लागले, असे सांगतात. या मुलांना वाढविण्याचा खरा भार मात्र त्यांच्या पत्नी बिल्किसबाई यांनी वाहिला. त्या दवाखान्यात परिचारिका म्हणून शिकावयास आल्या आणि तेथल्याच झाल्या. १९८६चा मॅगसेसे पुरस्कार दोघांस मिळून दिला गेला. गौरवग्रंथांत बहुधा पुरुषाचेच छायाचित्र मोठे छापतात, म्हणून हे मुद्दाम नमूद केले.

आता पैशाविषयी. जकात, फित्रा, सदका आणि बकरी ईदला कुर्बानीच्या जनावरांची कातडी, ही या संस्थेची मिळकत. शुद्ध मुसलमानी धर्मकर्तव्याचा पैसा. बहुतेक धर्मशास्त्री जकात ही मुसलमान गरिबांसाठीच मानतात, सदक्यास ते बंधन मानीत नाहीत. या काथ्याकुटात आम्ही शिरत नाही. कराचीत कातडीचा हा व्यवहार इतका मोठा, की राजकीय पक्षांचे लोक दारोदार दमदाटी करून ती गोळा करीत. एधी स्वतः रस्त्याच्या कडेला बसून हात पसरीत, आणि मोटारीतून जाणारा शेठ व हातगाडीवाला दोघेही त्या हातावर नोट ठेवीत. सरकारच्या पैशास मात्र ते शिवत नसत. लष्करशहा झिया-उल-हक यांनी दिलेला धनादेश त्यांनी परत केला होता. ख्रिस्ती आणि हिंदूंना आपल्या गाडीत का घेता, असे एकाने विचारले असता, माझी गाडी तुमच्याहून अधिक मुसलमान आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले होते. आम्हांस या उत्तरातील मर्म असे दिसते की त्यांनी धर्म सोडून सेवा केली नाही; धर्माच्या नावानेच कुंपण पाडले. आमच्याकडील काही सुधारक आधी धर्मास शिव्या घालतात आणि मग वर्गणी मागावयास निघतात. त्यांच्या पेट्या रिकाम्या का राहतात, याचे त्यांना नवल वाटते!

या कुंपणाबाहेर एक मराठी मूलही पोहोचले होते. सुमारे वीस वर्षांपूर्वी, ऐकू न येणारी आणि बोलता न येणारी एक लहान मुलगी लाहोरला समझोता एक्सप्रेसच्या डब्यात सापडली. ती फिरत फिरत कराचीच्या एधी केंद्रात आली. प्रथम तिला फातिमा म्हणू लागले. पण ती हात जोडी, वडीलधाऱ्यांच्या पाया पडे. तेव्हा ही हिंदूची मुलगी असावी हे ओळखून बिल्किसबाईंनी तिचे नाव गीता ठेवले आणि तिला देवपूजेस वेगळी खोली दिली. नमाज पढणाऱ्या घरात देवांच्या तसबिरी लागल्या. धर्मांतराची एवढी आयती संधी, अनाथ मुलगी, विचारणारे कोणी नाही. आणि त्या बाईंनी ती संधी घेतली नाही. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी गीता भारतात परतली. पंतप्रधानांनी संस्थेस एक कोटी रुपये देऊ केले. एधींनी ते आभारपूर्वक नाकारले. गीता काही वर्षे इंदूरला मूकबधिरांच्या संस्थेत राहिली, एकामागून एक कुटुंबे येऊन ही आमचीच म्हणत राहिली, आणि अखेर तिला तिची आई महाराष्ट्रात भेटल्याचे २०२१च्या मार्चमध्ये बिल्किसबाईंनीच जगास सांगितले. त्या वेळी एधी हयात नव्हते. पुढल्याच वर्षी, १५ एप्रिल २०२२ रोजी, बिल्किसबाईही गेल्या.

इतके गुणगान केल्यावर आता मतभेदाचे बोलतो. शवागार, वेड्यांची घरे, अपघातातील जखमी ही कामे धर्मसंस्थेची नव्हेत. ती नगरपालिकेची आणि राज्याची आहेत. ज्या शहरात ती एका फकिराच्या अंगावर पडतात, तेथे राज्यकर्त्यांना शरम वाटावयास हवी. प्रत्यक्षात घडते उलटेच. २०२०च्या एप्रिलमध्ये महामारीच्या निधीसाठी एधींचे पुत्र फैजल यांनी पाकिस्तानच्या पंतप्रधानांस एक कोटी रुपयांचा धनादेश दिला. ज्याच्या वाट्याचे काम ही संस्था सत्तर वर्षे करीत आली, त्याच सरकारने तिच्याकडून दान घेतले! दुसरे असे, की इतकी मोठी संस्था एका चेहऱ्यावर उभी राहिली. ८ जुलै २०१६ रोजी एधी निवर्तले. परदेशी उपचार नाकारून देशातल्याच रुग्णालयात, आणि डोळे दान करून. पुढे देणग्या घटल्याचे फैजल यांनी उघडपणे सांगितले. लोकांनी मनुष्यास पैसे दिले होते, व्यवस्थेस नव्हे. हे त्यांचे अपयश म्हणण्यास आमची जीभ धजत नाही, पण ते दिसत असून झाकणे हा पत्रकाराचा धर्म नव्हे.

तरीही २३ एप्रिल २०२१ रोजी, भारतात प्राणवायूअभावी माणसे तडफडत असता, याच फैजल यांनी पन्नास रुग्णवाहिका आणि त्यांच्यासोबत माणसे पाठविण्याची तयारी आपल्या पंतप्रधानांस पत्राने कळविली. त्या गाड्या सीमा ओलांडून आल्या नाहीत. न येण्यामागे राजकारणाची कारणे असतील; मीठादरच्या दवाखान्यापाशी असे कारण नव्हते, एवढेच आम्ही म्हणतो. त्याच महामारीत मुंबईच्या बडा कब्रस्तानाशी निगडित मुसलमान स्वयंसेवकांनी, जेथे घरचे माणूस पुढे होऊ शकत नव्हते तेथे, हिंदू मृतांचे देहही स्मशानापर्यंत नेऊन त्यांच्या रीतीप्रमाणे निरोप दिला.

आमच्या गावांतही शववाहिका आहेत, मोफत औषधपेढ्या आहेत, विद्यार्थ्यांची वसतिगृहे आहेत. कोणी मराठ्यांची, कोणी लिंगायतांची, कोणी ब्राह्मणांची, कोणी अंजुमनची. त्या बंद करा असे आम्ही म्हणत नाही. ज्याने त्याने आपल्या आडातून पाणी काढावे. पण अर्जाच्या छापील नमुन्यात नावाखाली, पत्त्याच्याही आधी, जातीचा रकाना असतो. येत्या वार्षिक सभेत एखाद्या सभासदाने उठून विचारावे, की मध्यरात्री रुग्णास गाडी हवी असता हा रकाना कोणी भरावयाचा, आणि तो भरेपर्यंत गाडी उभी का ठेवावयाची. इतिवृत्तात या प्रश्नाचे जे उत्तर नोंदले जाईल, ते छापावयास आम्ही जागा राखून ठेवतो.