लाखाचा कॉम्प्युटर घेऊ नका

गेल्या रविवारी बुद्धिबळाचा वर्ग सुटल्यावर एका मुलाचे वडील थांबले. म्हणाले, "सर, आता न्यूरल नेटवर्कवालं इंजिन लागतं म्हणे. त्याला भारी ग्राफिक्स कार्ड हवं. कॉम्प्युटर लाखाच्या पुढे जातोय. पतसंस्थेतून कर्ज काढू का?" मुलगा अकरा वर्षांचा, रेटिंग जेमतेम चौदाशे. मी म्हटलं, "अजिबात काढू नका." घाईत एवढंच बोललो. बाकीचं इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न आणखी बऱ्याच पालकांच्या डोक्यात आहे.

आधी भांडण काय आहे ते बघू. जुन्या पद्धतीचं इंजिन दोन गोष्टी करायचं. एक, पुढच्या चाली भराभर मोजायच्या. दोन, समोर आलेल्या स्थितीला माणसांनी लिहून दिलेल्या नियमांनी मार्क द्यायचे. दोन उंट शाबूत असतील तर थोडे जास्त, राजा उघडा पडला तर कमी, एकाच रांगेत दोन प्यादी अडकली तर आणखी कमी. १९९७ साली कास्पारोव्हला साडेतीन-अडीच असं हरवणारं डीप ब्लू याच घराण्यातलं. सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासायचं.

मग डिसेंबर २०१७ मध्ये गुगलच्या डीपमाइंडने अल्फाझीरो आणलं. त्याला फक्त खेळाचे नियम सांगितले होते, बाकी सगळं ते स्वतःशीच खेळून शिकलं. स्टॉकफिश ८ विरुद्ध शंभर डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, हरला एकही नाही. स्टॉकफिश सेकंदाला सात कोटी स्थिती बघत होतं, हे फक्त ऐंशी हजार. सामन्याच्या अटींवर टीका झाली आणि ती रास्तही होती. पण पुढच्या वर्षी हजार डावांचा निकाल छापून आला, त्यातही अल्फाझीरो १५५ जिंकलं, ६ हरलं. तेव्हा सगळीकडे एकच सूर होता: जुनी इंजिनं आता भंगारात.

आपल्याकडे याचं भाषांतर "चार तासांत बुद्धिबळ शिकलं" एवढंच झालं. त्या चार तासांमागे स्वतःशी डाव खेळायला पाच हजार खास चिपा जुंपलेल्या होत्या, हे वाक्य बातमीत तळाला गेलं. आणि अल्फाझीरो कुणाच्या हाती आलंच नाही. ते कंपनीकडेच राहिलं.

लोकांच्या हाती आलं ते लीला. २०१८ मध्ये अल्फाझीरोची पद्धत घेऊन हौशी मंडळींनी ते उभं केलं. जगभरच्या लोकांनी आपापल्या कॉम्प्युटरवर डाव खेळवून त्याला शिकवलं. २०१९ मध्ये इंजिनांच्या टीसीईसी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने स्टॉकफिशला ५३.५-४६.५ असं हरवलं. गंमत म्हणजे लीला सुरू करणारे गॅरी लिन्स्कॉट स्टॉकफिशच्याच कामातले. म्हणजे भांडण म्हणायचं ते एकाच वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांचं. लीलाला मात्र चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. त्या वडिलांच्या कानावर आलं ते हेच.

त्यांच्या कानावर न आलेली गोष्ट पुढची आहे. जपानी बुद्धिबळ म्हणजे शोगी. त्यासाठी यू नासू या प्रोग्रॅमरने २०१८ मध्ये एक छोटं नेटवर्क तयार केलं. त्यातली युक्ती साधी आहे. एका चालीत पटावरचा एखाददुसरा मोहराच हलतो. मग सगळा पट नव्याने कशाला मोजायचा? बदललं तेवढंच मोजा. त्यामुळे हे नेटवर्क ग्राफिक्स कार्डाशिवाय, साध्या प्रोसेसरवर धावतं. सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ ने ते घेतलं. मोजणी जुनी ठेवली, मार्क द्यायचं काम नेटवर्ककडे दिलं. नेटवर्क शिकवायला पुढे लीलाच्या डावांचाही उपयोग केला. त्यानंतरचे अनेक हंगाम टीसीईसीवर स्टॉकफिशचंच राज्य आहे. आणि हे स्टॉकफिश फुकट आहे, कोड उघडा आहे, तुमच्या मुलाच्या मोबाइलवर चालतं. जगज्जेत्याला हरवायला तो मोबाइल पुरेसा आहे. चौदाशेच्या मुलाला आणखी काय हवं?

म्हणून "न्यूरल की पारंपरिक" हा प्रश्नच मला आता शिळा वाटतो. माझं मत विचाराल तर पुढेही हे दोघं एकत्रच नांदणार. २०२४ मध्ये डीपमाइंडच्याच लोकांनी एकही चाल पुढे न मोजता खेळणारं नेटवर्क केलं. लिचेसवर माणसांविरुद्ध जलद डावांत ते २८९५ रेटिंगपर्यंत गेलं, कमाल आहे. पण त्याला शिकवायला एक कोटी डाव घेतले आणि त्यातल्या स्थितींना मार्क द्यायला बसवलं कोणाला? स्टॉकफिशला. मोजणाऱ्याशिवाय अंदाज बांधणाऱ्याचं भागत नाही, निदान बुद्धिबळात तरी.

इथपर्यंत सगळं छान. आता मला खुपणारी गोष्ट.

जुन्या स्टॉकफिशला विचारलं की ते मार्कांची फोड दाखवायचं. राजाच्या सुरक्षिततेचे इतके, मोहऱ्यांच्या मोकळेपणाचे इतके, पुढे सुटलेल्या प्याद्याचे इतके. ती फोड ढोबळ होती, चुकायचीही, पण मुलाला समजवायला एक टोक मिळायचं. २०२३ मध्ये माणसांनी लिहिलेले ते नियम कोडमधून काढून टाकले. ताकदीच्या दृष्टीने योग्यच केलं, त्यांची गरज उरली नव्हती. पण आता फक्त आकडा येतो. त्या आकड्याचा अर्थही बदललाय. +१ म्हणजे एका प्याद्याची आघाडी, असं आपण वर्षानुवर्षं शिकवलं. २०२२ च्या अखेरीपासून स्टॉकफिशचा +१ म्हणजे, त्याच स्थितीतून स्टॉकफिशच स्टॉकफिशविरुद्ध खेळलं तर जिंकायची शक्यता ५० टक्के. अकरा वर्षांचा मुलगा समोरच्या अकरा वर्षांच्या मुलाविरुद्ध खेळला तर काय होईल, हे तो आकडा सांगतच नाही.

वर्गात काय होतं ते सांगतो. मुलं डाव संपला की मोबाइल काढतात. "सर, इथे मी +०.८ होतो!" मी विचारतो, का होतास? गप्प. मग इंजिनने सुचवलेली चाल वाचून दाखवतात. त्या चालीमागचा बेत माहीत नाही, त्यामुळे पुढच्या डावात तीच चाल भलत्याच स्थितीत खेळून बसतात आणि बारा चालींत मोहरा घालवतात. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकल्यापासून वर्गात मुलं वाढलीत, याचा आनंद आहे. पण पालकांना वाटतं की तिथे पोचायची वाट अधिक ताकदवान इंजिनातून जाते. इंजिन सगळ्यांकडे तेच आहे हो! फरक पडतो तो त्या आकड्याचं "का" शोधणाऱ्यात.

हे "का" कायमचं हरवलंय असं नाही. २०२२ मध्ये क्रामनिकला सोबत घेऊन संशोधकांनी अल्फाझीरोच्या पोटात डोकावून पाहिलं, तर राजाची सुरक्षितता, मोहऱ्यांचा मोकळेपणा अशा माणसांच्या कल्पना तिथे सापडल्या, कुणी न शिकवता. पुढची खरी शर्यत मला इथे दिसते. आणखी पन्नास रेटिंग वाढवणाऱ्या इंजिनापेक्षा, स्वतःचा आकडा आठवीतल्या मुलीला समजेल असा उलगडून सांगणारं इंजिन मला हवंय. आणि तेही स्टॉकफिशसारखं उघडं, फुकट.

तोवर आमच्या वर्गात एक नियम केलाय. डाव संपला की आधी वहीत स्वतःच्या शब्दांत लिहायचं: कुठे चुकलो, का चुकलो, काय खेळायला हवं होतं. मगच मोबाइल. इंजिनशी जुळलं नाही तर अजून छान, तिथूनच शिकवणी सुरू होते. पालकांनीही घरी हेच करावं. वहीला कर्ज लागत नाही.

त्या वडिलांना हे सगळं या रविवारी सांगणार आहे. आणि कर्ज काढायचंच असेल तर दोन-चार स्पर्धांचा प्रवासखर्च काढा म्हणणार आहे. समोर बसलेल्या माणसाविरुद्ध हरण्यातून मुलगा जे शिकेल, ते लाखाचा कॉम्प्युटर त्याला शिकवणार नाही.